वहीतला हुतात्मा, वहिवाटीची जमीन



यंदा शाळेत पोरांना इतिहासाचा प्रकल्प दिला आहे. ‘आपल्या भागातले विस्मरणात गेलेले वीर’ असा विषय. माहिती गोळा करायची, चित्रं चिकटवायची, वही सजवायची आणि 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात ती मांडायची. पाड्यापाड्यावर पोरं या कामाला लागली आहेत. कोणी राघोजी भांगरे यांच्यावर लिहितंय, कोणी नाग्या कातकरी यांच्यावर, कोणी बाबूराव शेडमाके, तर कोणी खाज्या नाईक.

हे चांगलं चाललंय, हे आधी बोललं पाहिजे. वीस-तीस वर्षांपूर्वी जे शाळा शिकले त्यांना विचारा. इतिहासाच्या पुस्तकात राजे होते, सरदार होते, शहरातले पुढारी होते. आदिवासी असलाच तर एका ओळीत. ‘भिल्लांचा उठाव’, ‘कोळ्यांचा उठाव’, आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरा. आज आपली पोर वर्गात उभी राहून आपल्या माणसाचं नाव ताठ मानेनं घेते, ही लहान गोष्ट नाही. बाबूराव शेडमाके 1858 च्या ऑक्टोबरात चांद्याला फाशी गेले. त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघायला 2009 साल उजाडलं. दीडशे वर्षं लागली. तेव्हा शाळेनं पोरांना या माणसांकडं वळवलं याबद्दल गुरुजींचे आभारच मानायला हवेत.

पण या वह्या हातात घेऊन चाळल्या की एक गोष्ट खटकते. सगळ्या वह्या एकाच साच्यातल्या. जन्म कधी, गाव कोणतं, किती शूर होते, इंग्रजांशी कसे लढले, फाशी कधी झाली किंवा गोळी कधी लागली, आणि शेवटी ‘अशा या थोर वीरास कोटी कोटी प्रणाम’. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात चित्रासकट तयार माहिती मिळते, तीच सगळ्यांनी उतरवलेली. माणूस कशासाठी लढला याचं उत्तर तिथं एकच असतं : ‘देशासाठी’. जंगल नाही, जमीन नाही, सावकार नाही, वेठ नाही. आणि इंग्रज 1947 साली गेले म्हणजे लढाई पण संपली, असंच वही वाचणाऱ्याला वाटतं.

घरी मात्र त्याच पोराचा बाप वनहक्काचा दावा घेऊन तलाठ्याकडून प्रांत ऑफिसात आणि प्रांत ऑफिसातून परत वनहक्क समितीकडं खेपा घालतोय. पोराला या दोन गोष्टींचा संबंध कोणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो संबंध गावानं सांगितला पाहिजे, आणि या प्रकल्पातूनच सांगितला पाहिजे. ते कसं करता येईल ते पुढं मांडतो.

आधी वह्यांतून काय सुटतं ते पाहू.

राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे. जुन्या राजवटीत डोंगरातल्या कोळी नाईकांकडं किल्ले आणि घाट राखायचं काम होतं, त्याचा मोबदला मिळत होता. कंपनी सरकार आलं आणि हे हक्क गेले, नाहीतर कमी झाले. सारा रोख मागायला लागले. डोंगरातल्या माणसाकडं नागली असते, वरई असते, रोकड कुठली? मग सावकार आला. त्यानं पैसे दिले, कागदावर अंगठा घेतला आणि जमीन घेऊन गेला. राघोजींचं बंड उठलं ते यातून. सावकारांची नाकं कापली गेली ती काही गंमत म्हणून नाही. 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. आता वहीत फाशीची तारीख असते, पण सावकार नसतो. सावकार काढून टाकला तर बंड का झालं हे पोराला कळणार कसं?

दुसरं नाव नाग्या महादू कातकरी. उरण तालुक्यातल्या चिरनेरचा जंगल सत्याग्रह, 25 सप्टेंबर 1930. अक्कादेवीच्या रानात लोक जमले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, आठ जण हुतात्मे झाले. त्यात आगरी होते, कोळी होते आणि नाग्या कातकरी होते. चिरनेरला स्मारक आहे, दरवर्षी कार्यक्रम होतो. पण लोक रानात का गेले होते? मिठासाठी दांडीला गेले तसे हे लाकूडफाट्यासाठी, गवतासाठी, गुरांच्या चराईसाठी गेले होते. 1878 च्या कायद्यानं सरकारनं रान राखीव केलं. बापजाद्यांपासून ज्या रानातून फाटी आणली, राबासाठी टहाळ तोडलं, त्याच रानात पाय ठेवला की गुन्हा. भात लावायचं तर राब भाजावा लागतो, हे इथल्या लहान पोरालाही माहीत. राब बंद म्हणजे भात बंद. एवढी साधी गोष्ट वहीत आली की नाग्या कातकरी चित्रातून खाली उतरून आपल्या घरात येऊन बसतात.

आणि कातकरी समाजाची आजची गत काय आहे? सरकारी कागदात आदिम जमात. कित्येक वाड्या ज्या जागेवर उभ्या आहेत ती जागा त्यांच्या नावावर नाही. दळी जमिनीचे जुने कागद कोणाकडं आहेत, कोणाकडं नाहीत. हुतात्म्याच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी त्याच्या जातभाईंच्या घराखालच्या जागेची चौकशी करावी, असं पोरानं वहीत लिहिलं तर त्यात काय चूक आहे?

तिसरी गोष्ट वारल्यांच्या लढ्याची. 23 मे 1945 ला झरीला परिषद झाली आणि वेठीला नकार द्यायचं ठरलं. जमीनदाराकडं फुकट राबायचं नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर लग्नगडी म्हणून राहायचं नाही. गवत कापायला मजुरी हवी. त्याच सालच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड होते. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं म्हणून आज ते वाचायला तरी मिळतं. पण पोरांच्या वहीत हा लढा असा येतो, की बाहेरून बाई आल्या आणि आदिवासी जागे झाले. गोदाराणीचं काम मोठं आहे, त्याला कोणी ना म्हणणार नाही. तरी हजारो बाया-पुरुष रात्री-अपरात्री रानातून चालत सभेला आले, उपाशी राहून संप टिकवला, मार खाल्ला, त्यांची नावं कुठं आहेत? ती पुस्तकात सापडायची नाहीत. ती तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

म्हणून ‘विस्मरणात गेलेले’ हा शब्दच जरा तपासून घ्यायला हवा. विसरलं कोण? पुस्तक विसरलं, कचेरी विसरली. पाडा विसरला नव्हता. पाड्यानं गाण्यात ठेवलं, शपथेत ठेवलं, डोंगराच्या आणि ओहळाच्या नावात ठेवलं. फक्त कोणी लिहून घेतलं नाही.

आता एक दुसरी गोष्ट. राघोजी भांगरे सरकारी दप्तरात कोण होते? दरोडेखोर. बंडखोर, लुटारू. खाज्या नाईक कोण होते? तेच. सातपुड्यात 1858 च्या एप्रिलात आंबापाण्याला भिल्लांची फौजेशी लढाई झाली, तिथं लढणाऱ्यांना पण कागदात हेच नाव मिळालं. ज्याच्या हातात लेखणी, त्यानं नाव दिलं. सव्वाशे-दीडशे वर्षांनी तेच सरकारदरबारी ‘आद्य क्रांतिकारक’ झाले, त्यांच्या नावानं चौक झाले, शाळा झाल्या.

आज आपल्याला कागदात काय नाव आहे? अतिक्रमणदार. ज्या जमिनीवर आज्यानं खाचर बांधलं, बापानं दगड वेचले, आपण नागर धरला, त्या जमिनीवर आपण अतिक्रमणदार. विदर्भात जबरानजोत म्हणतात, आपल्याकडं प्लॉटवाले म्हणतात. सागाच्या रोपांसाठी प्लॉटमध्ये चर खणायला माणसं आली तेव्हा ज्या बाया चरात आडव्या झाल्या, ज्यांच्यावर केसा झाल्या, ज्यांचे कोयते आणि बैल जप्त झाले, त्यांचं नाव आजच्या कागदात आरोपी म्हणून आहे. मेल्यावर हुतात्मा आणि जित्यापणी अतिक्रमणदार, असा हा हिशेब आहे. पोरांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या ‘दरोडेखोरा’ला वीर म्हणायचं असेल तर शेजारच्या घरातल्या ‘आरोपी’ आजीला पण एकदा जाऊन विचारावं, की आजी, तू काय केलं होतंस?

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. यात कायद्याचा मुद्दा आहे, आणि तो प्रत्येक दावेदारानं नीट समजून घ्यावा.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याचे नियम 1 जानेवारी 2008 चे. त्यातला नियम 13 पुराव्यांबद्दल आहे. तिथं नुसत्या सरकारी कागदांची यादी नाही. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, कोर्टाचे आणि चौकशीचे कागद हे आहेतच. पण त्याबरोबर जमिनीवर केलेली सुधारणा, म्हणजे बांध, सपाटी, झोपडी, हाही पुरावा आहे. जुन्या विहिरी, मसणवट, देवाची ठिकाणं हाही पुरावा आहे. जुन्या नोंदीतल्या माणसापासून आपल्यापर्यंतची वंशावळ हाही पुरावा आहे. रीतिरिवाजांचं लिहून ठेवलेलं वर्णन पुरावा आहे. आणि शेवटी, दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं, तेही पुरावा आहे. ग्रामसभेनं आणि वरच्या समित्यांनी यातले एकाहून जास्त पुरावे पाहायचे असतात.

आणखी एक गोष्ट घोकून ठेवा. आदिवासीला 75 वर्षांचा पुरावा लागत नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवायचं असतं. तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची अट आहे ती आदिवासी नसलेल्या इतर पारंपरिक वननिवासींना. कोणी ऑफिसात उलटं सांगितलं तर ते लेखी मागा.

आता वरची यादी पुन्हा वाचा, आणि पोरांच्या इतिहास प्रकल्पात काय काय करायला सांगतात ते आठवा. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्या. वंशावळ काढा. गावातल्या जुन्या जागांची माहिती लिहा. नकाशा काढा. म्हणजे शाळा ज्याला मार्क देते आणि नियम 13 ज्याला पुरावा म्हणतो, त्या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकच आहेत. आपले दावे ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून परत येतात, आणि तो पुरावा लिहू शकणारं शिकलेलं पोर आपल्याच घरात झेरॉक्सवरून कोटी कोटी प्रणाम उतरवत बसलंय!

तर काय करायचं? पोरानं वीर कोणताही घेऊ दे. राघोजी घेऊ दे, नाग्या घेऊ दे. पण वहीत तीन प्रश्नांची उत्तरं आलीच पाहिजेत, एवढं घरच्यांनी बघावं.

पहिला प्रश्न : हा माणूस कोणत्या जमिनीसाठी, कोणत्या रानासाठी, कोणत्या जाचाविरुद्ध उठला?

दुसरा : त्याच्याबरोबर कोण होतं? एकटा माणूस बंड करत नाही. भाकरी कोणी पोचवली, निरोप कोणी नेला, मागं घर कोणी सांभाळलं?

तिसरा : ती जमीन, ते रान आज कोणाच्या ताब्यात आहे?

आणि मग वहीची मागची अर्धी पानं आपल्या पाड्यासाठी ठेवावीत. आपल्या पाड्यातल्या निदान दोन म्हाताऱ्या माणसांकडून, त्यात एक बाई असलीच पाहिजे, पाड्याची गोष्ट लिहून घ्यावी. ती लिहिताना पुढं दिलेली काळजी घेतली तर ती वही दाव्यालाही चालेल.

सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, पाडा आणि अंदाजे वय लिहा. जन्मतारीख माहीत नसेल तर घटनेवरून काढा. ‘वारल्यांच्या लढ्याच्या वेळी मी गुरं राखायच्या वयाचा होतो’, ‘बहात्तरच्या दुष्काळात माझं पहिलं पोर पाठीवर होतं’, असं माणूस सांगतो. तसंच लिहा.

जमीन कोणती, पहिल्यांदा कोणी फोडली, चारी बाजूंना काय आहे, हे विचारा. ओहळाचं नाव, झाडाचं नाव, टेकाडाचं नाव लिहा. वाघोबाचं ठाणं कुठं, गावदेवी कुठं, मसणवट कुठं, जुनी विहीर कोणी खणली, हे पोरांनी त्या माणसाबरोबर जाऊन पाहावं आणि नकाशात दाखवावं.

डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं आणि बापाकडून ऐकलेलं कोणतं, हे वेगळं लिहा. दंडाच्या पावत्या, केसचे कागद घरात असतील तर त्यावरचा नंबर आणि तारीख उतरवून घ्या. पावती पोराच्या वहीला चिकटवू नका! मूळ कागद घरातच राहू द्या.

ज्या बोलीत सांगितलं त्या बोलीत लिहा. वारली, कातकरी, ठाकरी, कोकणा, जी असेल ती. खाली मराठीत अर्थ लिहा. पोरांना बोलीत लिहायची लाज वाटते, कारण शाळेत ती चूक धरतात. इथं ती चूक नाही. आज्याच्या तोंडचा शब्द बदलला तर तो आज्याचा जबाब राहत नाही.

लिहून झालं की सांगणाऱ्याला वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. तारीख घाला. लिहिणाऱ्याचं नाव आणि दोन साक्षीदार. ज्याच्या जमिनीबद्दल जबाब आहे तो स्वतः सांगणारा नको, दुसरा म्हातारा माणूस हवा, हे विसरू नका.

यावर काही जण काय म्हणतील ते ठाऊक आहे. काही गुरुजी म्हणतील, की हा इतिहास नव्हे, हे राजकारण झालं, प्रकल्पाला मार्क मिळणार नाहीत. त्यांच्याशी भांडू नका, बसून बोला. आपल्या भागात कितीतरी गुरुजी याला मनापासून साथ देणारे आहेत. म्हाताऱ्या माणसाची मुलाखत आणि गावाचा नकाशा याला कोणतंही पुस्तक ना म्हणत नाही.

काही म्हातारी माणसं म्हणतील, ‘माझ्याकडं काय आहे सांगण्यासारखं? मी काय मोठा माणूस आहे?’ हे शाळेनंच त्यांच्या डोक्यात घातलंय, की इतिहास मोठ्या माणसांचा असतो. काहींना भीती पण वाटते. पूर्वी कोणी साहेब चौकशीला आला आणि लिहून घेऊन गेला की पाठोपाठ नोटीस यायची. म्हणून पोराला एकटं पाठवू नका. वनहक्क समितीतला ओळखीचा माणूस बरोबर जाऊ द्या, आणि हे कागद कोणाकडं राहणार ते आधी सांगा.

आणि एक इशारा आपल्याच माणसांना. वाढवून लिहू नका. वीराची गोष्ट सांगताना आपण रंगतो, दहाचे शंभर करतो. कार्यक्रमात ते खपून जातं. जबाबात खपत नाही. दोन एकर कसत असू तर दोनच लिहा. आज्या जेलात गेला नसेल तर गेला म्हणून लिहू नका. एक खोटी ओळ सापडली की वरची समिती त्या जोरावर पाड्याचे सगळेच दावे बाजूला टाकायला बघेल. आपल्याकडं खरं पुरेसं आहे. खोट्याची गरज नाही.

गावानं बसून हे काम करता येतं, हे आता कोणी आपल्याला शिकवायला नको. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवला, आपलं रान आपण समजून घेतलं, आणि 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला. शेजारच्या मर्दा गावाला पण मिळाला. तिथं पुतळे उभारून झालं नाही. बसून, बोलून, लिहून झालं.

म्हणून सगळ्या पाड्यांना विनंती अशी. 9 ऑगस्टच्या आधी एका रात्री पाड्याची बैठक घ्या. ज्या पोरांना प्रकल्प आहे त्यांना पुढं बसवा आणि वह्या मोठ्यानं वाचायला सांगा. जिथं चुकलं असेल तिथं म्हातारी माणसं आपोआप बोलतील, ‘असं नव्हतं रे, असं होतं’. तिथंच पेन उघडायचं. कोणाकडून काय लिहून घ्यायचं ते त्याच रात्री वाटून घ्या. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हे जबाब वाचून दाखवा आणि ठरावात त्यांची नोंद घ्यायला लावा. ज्यांचे दावे उपविभागीय समितीनं फेटाळलेत त्यांनी लक्षात ठेवावं, की निर्णय कळल्यापासून 60 दिवसांत जिल्हा समितीकडं दाद मागता येते. हे जबाब त्या अर्जाला जोडता येतील.

वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत जाऊ द्या, तिला मार्क मिळू द्या, पोराचं कौतुक होऊ द्या. दुसरी वनहक्क समितीच्या पेटीत, दाव्यांच्या फाइलीशेजारी ठेवा.